ड्रमरचा वाटा

मंगळवार, १३ एप्रिल २००४. मिनियापोलिसमधल्या 'फाइन लाइन म्युझिक कॅफे'च्या दारात रांग लागली आहे आणि तुम्ही तिच्यात उभे आहात. हा अमेरिकेच्या उत्तरेकडचा एप्रिल आहे, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घ्या. आत थोड्या वेळाने 'पिक्सीज' हा चौघांचा रॉक बँड वाजवणार आहे. १९९२च्या एप्रिलात व्हँकुव्हरला या चौघांनी शेवटचं एकत्र वाजवलं, त्याला बारा वर्षं झाली. हे चौघे पुन्हा एका मंचावर येतील असं या रांगेतल्या कोणालाही गेल्या वर्षापर्यंत वाटत नव्हतं.

तुमच्या पुढे चाळिशीकडे झुकलेला एक माणूस आहे. त्याने यांना ऐंशीच्या दशकात एका क्लबात पाहिलं होतं आणि ते तो तीनदा सांगून चुकलाय. मागे विशीतली एक मुलगी आहे. तिला हा बँड कळला तो 'फाइट क्लब' सिनेमाच्या शेवटच्या दृश्यात. इमारती कोसळत असतात आणि 'व्हेअर इज माय माइंड?' सुरू होतं, तिथे.

"पैशासाठी आलेत," पुढचा माणूस म्हणतो. "गायक थॉम्पसन स्वतःच मुलाखतीत तसं सांगतो, लपवतसुद्धा नाही."

"मग?" मुलगी विचारते.

माणूस गप्प होतो. त्याला राग आलेला नाही, दुखावल्यासारखं झालंय. त्याच्यासाठी या बँडची सगळी थोरवी न विकलं जाण्यात होती. मला विचाराल तर त्या 'मग?'चं नीट उत्तर द्यायला हवं, आणि ते इथे उभं राहून देता येणार नाही. चला माझ्याबरोबर. रांगेतली जागा जात नाही.

मार्च १९८७. बॉस्टनच्या रॉक्सबरी भागातला 'फोर्ट अपाची' स्टुडिओ. आत पाऊल टाकलंत की आधी गारठा लागतो, मग आवाज. गिटार घेऊन घसा फाडून ओरडणारा गुबगुबीत मुलगा म्हणजे चार्ल्स थॉम्पसन, मंचावरचं नाव ब्लॅक फ्रान्सिस. त्याच्या शेजारी मनिलात जन्मलेला जोई सांतियागो. त्याची गिटार सूर लावते त्याहून जास्त वेळा ओरबाडते. दोघं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात भेटले आणि कॉलेज अर्धवट टाकून इथे आले. बासवर किम डील. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला उत्तर देणारी ती एकटीच, आणि चाचणीला आली तेव्हा तिच्याकडे बास नव्हता. तिने तोवर तो वाजवलाही नव्हता. आणि मागे ड्रमवर डेव्हिड लव्हरिंग, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला शांत मुलगा. इतर तिघांकडे तुमचं लक्ष आपोआप जाईल. तुम्ही डेव्हिडवर नजर ठेवा, आपल्या हिशेबाचा धागा त्याच्या हातात आहे.

तीन दिवसांत सतरा गाणी ध्वनिमुद्रित होतात. खर्च सुमारे एक हजार डॉलर, तेही थॉम्पसनच्या वडिलांनी उसने दिलेले. हीच टेप लंडनला 'फोर एडी' या छोट्या कंपनीकडे जाते. त्यातली आठ गाणी उचलून कंपनी त्याच वर्षी 'कम ऑन पिल्ग्रिम' बाजारात आणते. गाणी जवळजवळ सगळी थॉम्पसनने लिहिलेली आहेत. हे आत्ता कोणाला महत्त्वाचं वाटत नाही. विशीतल्या पोरांना गाण्याखाली कोणाचं नाव पडतं याची फिकीर कशाला असेल? पण पुढच्या तीस वर्षांत कोणाच्या घरी किती चेक येणार, ते या क्षणीच ठरतंय.

डिसेंबर १९८७. बॉस्टनमधलाच 'क्यू डिव्हिजन' स्टुडिओ. इथे जरा थांबू, घाई करण्यासारखी जागा नाही ही. शिकागोहून स्टीव्ह अल्बिनी नावाचा किडकिडीत, तिखट जिभेचा माणूस आलाय. 'सर्फर रोझा' हा अल्बम ध्वनिमुद्रित होतोय, दहा दिवसांत आणि सगळा मिळून दहा हजार डॉलरांत. अल्बिनीला खोलीचा खरा आवाज हवा आहे, यंत्राने घातलेला प्रतिध्वनी नको. म्हणून तो माइक आणि तारा उचलून स्टुडिओच्या बाथरूममध्ये नेतो आणि किमला तिथे गायला लावतो. दाराशी उभे राहा. फरश्यांवरून फिरून येणारा तो आवाज उद्या जगभरच्या तरुणांच्या डोक्यात राहणार आहे, आणि त्याचा उगम या ओलसर खोलीत आहे. लव्हरिंगचे ड्रम ऐका. प्रत्येक टोला तुमच्या शेजारी भिंतीवर कोणी हाणल्यासारखा येतो. पुढे कितीतरी बँड याच ड्रमच्या आवाजासाठी अल्बिनीचं दार ठोठावतील.

या कामाचे अल्बिनी पंधराशे डॉलर घेतो. एकदाच. विक्रीतला वाटा म्हणजे रॉयल्टी तो मागतच नाही, देऊ केली तरी घेत नाही. बँडच्या कामावर दुसऱ्याने जन्मभर टक्केवारी खाणं त्याला अनैतिक वाटतं. पुढे 'निर्वाणा' या बँडला पाठवलेल्या पत्रात तो लिहील की मला प्लंबरसारखे पैसे द्या, काम केलं की मजुरी, विषय संपला. मला या माणसाबद्दल अतोनात आदर आहे. पण एक गोष्ट इथेच टिपून ठेवा. त्याला मजुरी ठरवून मिळाली आणि दहा दिवसांत हातात पडली. खोलीतल्या चौघांना ती केव्हा मिळेल, हे कोणीच ठरवलेलं नाही.

आता भराभर चालू. १९८९: 'डूलिटल'साठी चाळीस हजार डॉलर, निर्माता गिल नॉर्टन. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत अल्बम आठवा, स्वतःच्या देशात अठ्ठ्याण्णवावा. १९९२: हे चौघे 'यू टू'च्या भल्यामोठ्या दौऱ्यात सुरुवातीला वाजवताहेत. बसा एखाद्या खुर्चीवर, बऱ्याच रिकाम्या आहेत. लोक अजून बिअरच्या रांगेत आहेत, ज्यांच्यासाठी तिकीट काढलं ते नंतर येणार आहेत. थॉम्पसन आणि किम एकमेकांशी जेमतेम बोलतात. १९९३चा जानेवारी: बीबीसी रेडिओच्या मुलाखतीत थॉम्पसन सांगून टाकतो की बँड संपला. सांतियागोला तो फोन करतो. किमला आणि लव्हरिंगला फॅक्स जातो. सात वर्षं ज्याच्या ठेक्यावर तू गायलास, त्याला फॅक्स? मला हे आजही पचत नाही.

बँड संपला आणि कीर्ती सुरू झाली. जानेवारी १९९४मध्ये 'रोलिंग स्टोन'च्या मुलाखतीत 'निर्वाणा'चा कर्ट कोबेन मोकळेपणी कबूल करतो की त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं करताना तो 'पिक्सीज'ची नक्कल करू पाहत होता. कडव्यात बास आणि ड्रम दबक्या पावलांनी, मग एकाएकी सगळी वाद्यं अंगावर कोसळणार, पुन्हा दबकं. ही रीत नव्वदच्या दशकातल्या रेडिओवर पुराच्या पाण्यासारखी पसरली. पण शैलीवर मालकी हक्क नसतो. दबकं-मोठं या चढउतारासाठी कोणाला एक सेंट द्यावा लागत नाही, आणि कोणी दिलाही नाही. १९९५ साली 'डूलिटल'ला अमेरिकेत गोल्ड मिळालं, म्हणजे पाच लाख प्रती. तो आनंद साजरा करायला बँड नव्हता.

इथे पैशाचं गणित समजून घ्या, मग रांगेतल्या त्या माणसाशी बोलणं सोपं जाईल. गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, जी लिहिणाऱ्याची. दुसरी ध्वनिमुद्रण, जे बहुधा कंपनीच्या ताब्यात. ध्वनिमुद्रणाच्या विक्रीतून वाजवणाऱ्यांना वाटा मिळतो, पण कंपनीने दिलेली उचल आधी फिटावी लागते. अमेरिकेतल्या साध्या रेडिओवर गाणं लागलं तर लिहिणाऱ्याला पैसे मिळतात आणि वाजवणाऱ्याला शून्य, तिथला कायदाच तसा आहे. दुसऱ्या कोणी गाणं गायलं तरी तेच. २००२ साली डेव्हिड बोवीने 'पिक्सीज'चं 'कॅक्टस' स्वतःच्या अल्बमवर घेतलं. केवढा मान! त्यातून थॉम्पसनला रचनेचे पैसे मिळाले असणार. ज्याने मूळ गाण्याचा ठेका धरला, त्याला बोवीच्या त्या प्रतीतून काही मिळण्याचा मार्गच नाही. किमकडे निदान 'जायगँटिक'सारख्या गाण्याच्या लेखनात नाव होतं, शिवाय तिच्या 'ब्रीडर्स' या दुसऱ्या बँडचं 'कॅननबॉल' १९९३ साली गाजलं होतं. सांतियागो टीव्हीसाठी पार्श्वसंगीत करू लागला.

आणि लव्हरिंग? बघा त्याला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. पांढरा प्रयोगशाळेतला कोट घालून तो मंचावर विज्ञानाचे जादूचे प्रयोग करतोय. कधी 'ब्रीडर्स'च्या आधी, कधी थॉम्पसनच्याच कार्यक्रमाआधी. प्रयोग तो मनापासून करतो, त्यात कमीपणा काही नाही. पण त्याच सुमारास जगभरच्या चित्रपटगृहांत 'फाइट क्लब' लागलाय आणि अंधारात बसलेली हजारो माणसं त्याचे ते टोले ऐकताहेत, वाजवणारा कोण हे ठाऊक नसताना.

अशा माणसाला त्याच्या वाजवण्याचा मोबदला मिळायचा एकच सरळ रस्ता उरतो. पुन्हा वाजवणं, लोकांसमोर, तिकीट लावून. मैफलीच्या पैशाला गाणं कोणी लिहिलं याच्याशी कर्तव्य नसतं. मंचावर ड्रमर हवाच असतो.

चला परत, फाइन लाइनमध्ये. दारं उघडलीत, आपण आत आलोय, दिवे गेलेत. चौघं येतात. एकमेकांकडे बघत नाहीत, प्रेक्षकांशीही बोलत नाहीत, थेट सुरू करतात. आणि बारा वर्षं जागच्या जागी जोडली जातात. तुमच्या पुढचा तो माणूस प्रत्येक शब्द गातोय, ती मुलगीही. एका गाण्यात किम हसते आणि सगळा हॉल तिच्यासाठी ओरडतो. पैशासाठी वाजवणारी माणसं हातचं राखून वाजवत असतील असं वाटलं होतं ना? ऐका मग हे.

मैफल संपल्यावर बाहेर न जाता टेबलाकडे वळा. नुकतीच ऐकलेली मैफल सीडीवर उतरवून तिथल्या तिथे विकताहेत, मर्यादित प्रतींत. गरम भाकरीसारखी सीडी हातात येते. ही कल्पना मला फार आवडते. मधला दलाल कमी आणि चाहत्याचा पैसा थेट बँडकडे. म्हणूनच तिच्यावर डोळा ठेवणारेही होते. 'क्लिअर चॅनल' या अमेरिकेतल्या बलाढ्य कंपनीने असं झटपट ध्वनिमुद्रण विकण्याचं पेटंट विकत घेतलं होतं आणि त्यावर हक्क सांगायला सुरुवात केली होती. 'पिक्सीज'च्या व्यवस्थापकाने त्याबद्दल जाहीर तक्रार केली. पुढे २००७ साली ते पेटंट रद्द झालं.

पश्चिम कॅनडातल्या छोट्या शहरांतून फिरून चौघं १ मे रोजी कॅलिफोर्नियातल्या इंडिओला 'कोचेला' महोत्सवात पोचतात. त्या संध्याकाळी त्यांच्यानंतर 'रेडिओहेड' आहेत, आणि 'रेडिओहेड'च्या थॉम यॉर्कलाच ही क्रमवारी उलटी वाटते. मैदानाकडे पाहा. 'डूलिटल' आलं तेव्हा यातले कितीतरी जण शाळेतही नव्हते. जूनमध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत चार रात्री. २००४च्या त्या दौऱ्याची तिकीटविक्री एक कोटी चाळीस लाख डॉलरांच्या वर गेली. यातून आयोजक, तंत्रज्ञ, बस, हॉटेल, व्यवस्थापकाची टक्केवारी वजा करा. तरी ज्या चौघांनी हजार डॉलर उसने घेऊन सुरुवात केली, त्यांच्यासाठी ही रक्कम घरदार उभं करणारी होती. दौऱ्याच्या डीव्हीडीला त्यांनी नाव दिलं 'सेल आउट'. चाहते जो आरोप करणार, तो त्यांनी आधीच कव्हरवर छापून टाकला.

एक शेवटचा थांबा, कारण वाद २००४ला मिटला नाही. नोव्हेंबर २०१३, लंडन. मधल्या नऊ वर्षांत बँडने जुनीच गाणी वाजवली, 'डूलिटल'च्या विसाव्या वर्षाचा दौरासुद्धा केला. नवं म्हणाल तर किमने लिहिलेलं 'बॅम थ्वॉक' हे एक सुटं गाणं. मग नव्या गाण्यांचं काम सुरू झालं आणि किम डील बँड सोडून गेली, जूनमध्ये ते जाहीर झालं. आज बासवर दुसरी बाई आहे.

हॅमरस्मिथला मैफलीआधी एका पबमध्ये दोघी मैत्रिणी वाद घालताहेत. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसा.

"किम नाही तर तो बँडच नाही," पहिली म्हणते. "आता नाव वापरून पैसे करताहेत."

तिचं पहिलं वाक्य मला पटतं. किमचा आवाज नसलेले 'पिक्सीज' अर्धे आहेत, आणि पुढच्या वर्षी येणारा 'इंडी सिंडी' हा अल्बम ऐकून माझं मत बदललं नाही. दुसरं वाक्य मात्र मला खोडावंसं वाटतं. नाव चौघांनी मिळून मोठं केलं आणि त्यावर जगाने कमावलं. आता त्यातले तिघं त्या नावावर जगू पाहत असतील तर त्यांना तो हक्क आहे. जुन्या गाण्यांचं मोठेपण त्याने कमी होत नाही. २०१८मध्ये 'डूलिटल'ला अमेरिकेत प्लॅटिनम मिळालं, दहा लाख प्रतींसाठी, तेव्हा रस्त्यावर दौरे करणारा बँड होता म्हणून नवी पोरं त्या अल्बमपर्यंत पोचत होती.

दुसरी मैत्रीण ग्लास खाली ठेवते. तिला हक्कांचं, टक्क्यांचं काही ठाऊक नाही.

"ड्रमर तोच आहे ना?" ती विचारते.

"हो. डेव्हिडच."

"मग चल, उशीर होतोय," असं म्हणत ती कोट चढवते, आणि पहिली कुरकुरत का होईना, पर्समध्ये तिकीट शोधू लागते.