परमवीर मेजर रामा राघोबा राणे

जामसावळीच्या मारुतिरायाच्या सान्निध्यात राहणाऱ्या सौंसरकरांना सेवाधर्माची महती निराळी सांगावयास नको. त्या धर्माचे एक तेजस्वी उदाहरण म्हणजे परमवीर चक्राचे मानकरी कै. मेजर रामा राघोबा राणे होत.

राणे घराणे कारवारजवळील चेंडियाचे. रामरावांचा जन्म २६ जून १९१८ चा. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण विस्कळीत झाले. १९४० साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये दाखल झाले व महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणारा मार्ग शत्रूने सुरुंग पेरून व झाडे आडवी पाडून रोखला होता. ८ एप्रिल रोजी उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांचे दोन सहकारी धारातीर्थी पडले. ते स्वतःही जखमी झाले. तरीही सुरुंग काढण्याचे काम त्यांनी थांबविले नाही. त्या वाटेने रणगाडे पुढे गेले आणि राजौरी मुक्त झाली.

१९५५ साली त्यांचा विवाह झाला. पुढे १९६८ साली ते सेवानिवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. शत्रूवर चालून जाणाऱ्याचे शौर्य सर्वांस दिसते. मागून येणाऱ्यांसाठी वाट निर्वेध करणाऱ्याचे शौर्यही तितकेच वंदनीय होय.