न्हा ट्रांगचा डॉक्टर

आमच्या घरात सहलीचे बेत नेहमी फराळाच्या ताटाभोवतीच शिजतात. गेल्या दिवाळीत मुलाने चकली मोडता मोडता जाहीर केले, "बाबा, पुढच्या खेपेला व्हिएतनाम. न्हा ट्रांग." फोनवरचा निळा समुद्र त्याने सर्वांना दाखवला. सूनबाईंना वाळू पसंत पडली, नातवाला होड्या. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले की तिथे वरणभात मिळेल काय. मी मात्र ते नाव ऐकून चमकलो. हे गाव मला ठाऊक होते, पण समुद्रासाठी नव्हे.

त्याचे कारण माझी आजी.

दिवाळीची साफसफाई निघाली की आजी आधी कणगीमागची बिळे तपासायची. ती बुजवून झाल्याखेरीज घरात आकाशकंदील लागत नसे. मेलेला उंदीर दिसला तर तिचा चेहरा पांढराफटक पडे. १८९७ साली ती आठ वर्षांची होती आणि पुण्यात गाठीचा ताप शिरला होता. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला, आणि मग तो लोकांच्या बोचक्यांबरोबर गावोगाव पसरला. मार्चमध्ये रँडसाहेबाच्या हुकमाने पुण्यात गोरे शिपाई घरे तपासू लागले. आजीच्या आईला काखेत गाठ आली होती. घरच्यांनी तिला मधल्या खोलीत वळकट्यांच्या आड लपवले. दारात आजी उभी. तपासणीवाल्यांबरोबरच्या देशी माणसाने विचारले, "घरात कोणी आजारी आहे?" आजी म्हणाली, "नाही. आई माहेरी गेलीय." तिसऱ्या दिवशी आई गेली.

हे आजीने मला एकदाच सांगितले आणि शेवटी विचारले, "मी खरं बोलले असते, तर त्यांनी नेऊन वाचवली असती का रे?" मी तेव्हा शाळकरी पोर. काय उत्तर देणार? पुढे वाचता वाचता उत्तर सापडले, ते या न्हा ट्रांगच्या एका रहिवाशापाशी.

त्याचे नाव अलेक्झांद्र यर्सिन. जन्म १८६३, स्वित्झर्लंडमधला. पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत उमेदवारी केली, तिथेच राहिला असता तर सुखाने मोठा झाला असता. पण त्याला समुद्राची ओढ. १८९० साली तो बोटीवरचा डॉक्टर झाला आणि इंडोचायनाच्या किनाऱ्याने फिरताना या कोळ्यांच्या गावाच्या प्रेमात पडला. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग उसळला, तेव्हा त्याला तिकडे धाडण्यात आले. तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांची मर्जी जपानी संशोधक कितासातो यांच्यावर. यर्सिनला ना प्रयोगशाळा, ना प्रेते तपासण्याची मुभा. मग त्याने गवताने शाकारलेली एक झोपडी उभारली, प्रेते पुरणाऱ्या खलाशांच्या हातावर काही पैसे ठेवले आणि गाठीतला स्राव मिळवला. २० जूनला सूक्ष्मदर्शकाखाली त्याला रोगाचा जंतू दिसला. आज त्या जंतूच्या शास्त्रीय नावात यर्सिनचेच नाव आहे.

पुढल्या वर्षी त्याने न्हा ट्रांगला घोडे पाळले. घोड्यांना जंतू टोचायचे आणि त्यांच्या रक्तातून रोगावरचा उतारा, म्हणजे सीरम काढायचे. १८९६ मध्ये कँटनला त्याने एक तरुण बरा केला आणि आमॉयलाही त्याचे बहुतेक रोगी बचावले. तेच सीरम घेऊन हा माणूस १८९७ च्या मार्चमध्ये मुंबईला उतरला. वाचकहो, महिना ध्यानात घ्या. याच महिन्याच्या १० तारखेला प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या सावित्रीबाई फुले पुण्यात त्याच रोगाने गेल्या. याच दिवसांत माझी आजी दारात उभी होती.

आणि मुंबईत यर्सिन हरला. चीनमध्ये आला तसा गुण इथे येईना. अगदी आरंभी टोचले तर थोडी आशा, पण धास्तावलेले लोक रोगी लपवून ठेवत आणि तो हाती लागेपर्यंत वेळ निघून जाई. त्याच शहरात हाफकिन यांनी त्या जानेवारीत आपली प्रतिबंधक लस स्वतःला टोचून पाहिली होती. ती पुढे लाखोंच्या कामी आली, पण धडधाकट माणसाच्या. पडलेल्याला उठवणारे औषध तेव्हा पृथ्वीच्या पाठीवर कोणाहीजवळ नव्हते. यर्सिनने अपयशावर पांघरूण घातले नाही. काही महिन्यांनी तो न्हा ट्रांगला परतला. त्याच्या जागी आलेल्या सिमाँने १८९८ मध्ये कराचीला दाखवून दिले की हा रोग उंदरांवरची पिसू माणसापर्यंत आणते. म्हणजे आजीची बिळांवरची नजर अगदी बरोबर होती!

म्हणून आजीच्या प्रश्नाचे उत्तर असे: नाही गं, वाचली नसती. ज्याने तो जंतू शोधला, तो स्वतः औषध घेऊन मुंबईत आला होता आणि त्यालाही जमले नाही, तिथे आठ वर्षांच्या पोरीच्या एका खोट्याने काय होणार? पण हे मला उमगले तेव्हा आजी ऐकायला उरली नव्हती.

तेव्हा आमचा बेत मी हाती घेतला. पहिली दुरुस्ती महिन्याची. तिथला पाऊस आपल्यासारखा ज्येष्ठ-आषाढात येत नाही, ऑक्टोबर ते डिसेंबर कोसळतो. ऐन दिवाळीत गेलो तर छत्री उघडून समुद्र बघावा लागेल. जानेवारीनंतर आभाळ निवळते. मग पोरांनी वाळूत खुशाल लोळावे. एक सकाळ मात्र पो नगरच्या देवळांसाठी. नदीकाठच्या टेकडीवर चाम राजांनी बांधलेली विटांची शिखरे आहेत. ७७४ साली समुद्रावरून आलेल्या लुटारूंनी ते देऊळ जाळले आणि सत्यवर्मन राजाने दहा वर्षांत पुन्हा उभे केले. आतली दहा हातांची भगवती आज व्हिएतनामी लोक आपल्या नावाने पुजतात. सौभाग्यवतींची ओटी भरायची सोय झाली!

एक दिवस माझा. किनाऱ्यावरच्या पाश्चर संस्थेत यर्सिनचे संग्रहालय आहे. तिथून सुमारे वीस किलोमीटरवर, सुओई दाऊला, त्याने रबराची झाडे लावली त्याच मळ्यात त्याची साधी समाधी आहे. वादळाची चाहूल लागली की तो कोळ्यांना सावध करी, त्यांच्या पोरांना घरात घेई. फ्रेंच गेले, लढाया झाल्या, पुष्कळ रस्त्यांची नावे पुसली गेली, पण याचे नाव लोकांनी ठेवले. अजून तिथे उदबत्ती लागते. तो १ मार्च १९४३ ला गेला आणि त्याच वर्षी अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले. अखेर त्यानेच पडलेला रोगी उठवला.

नातवाने विचारले, "आजोबा, हरलेल्या डॉक्टरला कशाला भेटायचं?"

मी म्हटले, "तो हरला, आणि हरलो हे त्याने खरे सांगितले. म्हणून तुझ्या खापरपणजीवरचा आळ गेला."

तिकिटे १ मार्च धरून काढली आहेत. सौभाग्यवती चकल्यांचा डबा बरोबर घेणार आहेत. मी त्यात इथल्या उदबत्तीचा एक पुडा घालणार आहे.