आश्रयगृहे, पीडित स्त्रियांची

कौटुंबिक हिंसाचारामुळे घर सोडावे लागलेल्या स्त्रिया व त्यांची मुले यांना तातडीने निवारा, संरक्षण आणि सल्ला देणाऱ्या संस्था. न्यायालये, वकिलांच्या कचेऱ्या व समाजकल्याण खात्याची कार्यालये दिवसा चालतात. मारहाण झालेल्या स्त्रीला मात्र पुष्कळदा रात्रीच घराबाहेर पडावे लागते. ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांतून या संस्थांचा विकास झाला.

आधुनिक आश्रयगृहांचा प्रसार १९७० नंतरच्या स्त्री-चळवळीतून झाला. लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी व त्यांच्या सहकारी यांनी १९७१ मध्ये स्त्रियांसाठी एक केंद्र उघडले. एकत्र जमणे व सल्ला देणे एवढाच त्याचा मूळ हेतू होता. परंतु पतीच्या मारहाणीमुळे आलेल्या स्त्रियांना परत जाणे अशक्य असल्याने लवकरच त्याचे आश्रयगृह झाले. आलेल्या कोणासही माघारी पाठवावयाचे नाही, हे त्याचे धोरण होते. त्यातून झालेल्या गर्दीबद्दल पिझी यांच्यावर खटलाही भरण्यात आला.

अमेरिकेत सेंट पॉल (मिनेसोटा) येथे ‘विमेन्स ॲडव्होकेट्स’ या गटाने १९७२ मध्ये दूरध्वनीवरून कायदेविषयक माहिती देण्यास प्रारंभ केला. विचारणा करणाऱ्या अनेक स्त्रियांना कायद्याच्या माहितीइतकीच त्या रात्रीपुरत्या सुरक्षित जागेची निकड होती. कार्यकर्त्यांनी प्रथम काहींना स्वतःच्या घरी ठेवून घेतले व १९७४ मध्ये आश्रयगृह उघडले. त्याच वर्षी सिडनीत ओस पडलेल्या घरांचा ताबा घेऊन ‘एल्सी’ हे आश्रयगृह सुरू झाले. दूरध्वनी-साहाय्य व निवारा ही अशा रीतीने परस्परपूरक अंगे ठरली.

स्त्री घर सोडते तेव्हा व त्यानंतरच्या काळात तिला असलेला धोका वाढू शकतो. म्हणून अनेक आश्रयगृहांचा पत्ता गुप्त ठेवतात. दूरध्वनी घेणारी कार्यकर्ती, बोलणे त्या क्षणी सुरक्षित आहे काय, हे आधी विचारते; नंतर मुले, दुखापत, कागदपत्रे व प्रवास यांची व्यवस्था पाहिली जाते.

भारतात पती व सासरच्यांकडून होणारा छळ १९८३ मध्ये स्वतंत्र गुन्हा ठरला. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलीस यंत्रणेच्या अंतर्गत स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्यानुसार, मागणी केल्यास आश्रयगृहाने पीडित स्त्रीला निवारा देणे बंधनकारक आहे. २०१५ पासून १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ‘सखी’ केंद्रे यांच्या योजना अहोरात्र साहाय्यासाठी राबविण्यात आल्या. ‘सखी’ केंद्रात तात्पुरत्या मुक्कामाचीही सोय असते.

आश्रयगृह हा तातडीचा उपाय होय. त्यामुळे जीव वाचतो. परंतु घर, मुलांची शाळा व शेजार सोडण्याची पाळी अत्याचार सोसणारीवरच येते. इंग्लंडच्या १९७६ च्या कायद्याने हिंसक पतीला घराबाहेर ठेवण्याचे अधिकार न्यायालयांना दिले. भारतीय अधिनियमानेही स्त्रीचा सामाईक घरात राहण्याचा हक्क मान्य करून हिंसाचारी पुरुषाला तेथून दूर करण्याची तरतूद केली आहे. असा आदेश मिळेपर्यंतची रात्र मात्र आश्रयगृहालाच सांभाळावी लागते.