मूळ साचा (वर्ड प्रोसेसरमधील)

मूळ साचा, रोजच्या बोलण्यात डिफॉल्ट टेम्प्लेट : वर्ड प्रोसेसरमध्ये नवीन दस्तऐवज उघडल्यावर समोर येणारे कोरे पान ज्या फायलीची नक्कल असते, ती फाइल. पानाचा आकार, समास, फॉन्ट, अक्षराचा आकार, ओळींतले व परिच्छेदांतले अंतर, मथळ्यांच्या शैली आणि मजकुराची भाषा हे सगळे तीत आधीच ठरलेले असते. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये या फायलीचे नाव ‘नॉर्मल’ आहे. तिचे शेपूट पूर्वी ‘डॉट’ होते, २००७ च्या आवृत्तीपासून ‘डॉटएम’ झाले. ‘मूळ’ या विशेषणाने मात्र फसू नये. वर्ड २००३ मध्ये हे पान टाइम्स न्यू रोमन, १२ पॉइंट असे होते. २००७ मध्ये ते कॅलिब्री, ११ पॉइंट झाले; ओळींतले अंतर १.१५ पट आणि प्रत्येक परिच्छेदाखाली १० पॉइंटांची मोकळी जागा आली. २०१३ मध्ये हेच आकडे १.०८ पट आणि ८ पॉइंट झाले, तर २०२३ पासून कॅलिब्रीच्या जागी ॲप्टॉस येऊ लागला. वीस वर्षांत इतक्यांदा बदललेल्या गोष्टीत मूळ असे काही नसते. कोणीतरी घेतलेले ते निर्णय आहेत, आणि घेताना नजरेसमोर रोमन लिपी होती. इंग्रजीत लिहिणाऱ्याला साचा बदलणे ही आवडीनिवडीची बाब वाटू शकेल. मराठीत लिहिणाऱ्याच्या बाबतीत तो अक्षर धड उमटण्या-न उमटण्याचा प्रश्न आहे.

वर्ड प्रत्येक शैलीत फॉन्टचे वेगवेगळे कप्पे ठेवतो. रोमन लिपीसाठी एक, चिनी-जपानीसारख्या लिप्यांसाठी दुसरा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ म्हणून देवनागरी, अरबी वगैरेंसाठी तिसरा. या तिसऱ्या कप्प्याचा अक्षर-आकारही निराळा नोंदवला जातो. त्यामुळे फॉन्टच्या चौकटीत वरच्या, म्हणजे रोमनच्या कप्प्यात १४ पॉइंट निवडले, तरी युनिकोड मराठी आहे तेवढीच राहू शकते आणि एकाच ओळीत इंग्रजी शब्द मोठे, मराठी बारीक असे दृश्य दिसते. दोष टंकलेखकाचा नसतो. खालचा कप्पा त्याला दिसतच नसतो, कारण संपादनाच्या भाषांत मराठी किंवा हिंदी जोडल्याशिवाय वर्ड तो दाखवत नाही. इंग्रजी वर्डमध्ये तयार झालेली एखादी फाइल झिप म्हणून उलगडून तिची शैलींची यादी वाचली, तर तिसऱ्या कप्प्याची भाषा पुष्कळदा ‘एआर-एसए’, म्हणजे सौदी अरेबियातली अरबी, अशी नोंदलेली सापडते. जुन्या सवयीने घोटाळा आणखी वाढतो. युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्याच जागा वापरत, म्हणून त्यांचा मुक्काम पहिल्या कप्प्यात असे. तसा फॉन्ट ‘नॉर्मल’मध्ये कायमचा बसवला की पुढे साधा इंग्रजी ईमेल पत्ता टाइप करतानाही देवनागरीची खिचडी उमटते, आणि युनिकोड मराठीवर मात्र काडीचाही परिणाम होत नाही.

ओळींच्या अंतराचेही तसेच. ‘मूर्तींचे’ हा एक शब्द घ्या : खाली ऊकार, वर वेलांटी, तिच्यावर रफार आणि अनुस्वार. अंतर ‘एक्झॅक्टली’ प्रकारात रोमनच्या मापाने बांधून ठेवले, तर यातला वरचा भाग छाटला जातो. अंतर पटीत ठेवले, तर मंगलसारख्या उंच फॉन्टची ओळ शेजारच्या निव्वळ इंग्रजी ओळीपेक्षा जाडजूड दिसते. साच्यात असाच एखादा शब्द टाइप करून, कागदावर छापून मगच आकडा ठरवावा. पडद्यावरचा अंदाज फसवतो. भाषेची नोंदही दिसते तितकी निरुपद्रवी नाही. काही फॉन्टांत मराठीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, तसेच हिंदी वळणाचे ल-श, दोन्ही असतात. लिबरऑफिस रायटर मजकुराची नोंदलेली भाषा पाहून त्यांतले एक वळण निवडतो. साच्यात भाषा हिंदी नोंदलेली असली की मराठी मजकूर हिंदी वळणाने छापला जातो.

साचाच बदलण्यावर पहिला आक्षेप असा, की हे सारे दर दस्तऐवजात हाताने बदलता येते. येते खरे, पण हाताने केलेला बदल बहुधा निवडलेल्या मजकुरावर बसतो, शैलीवर बसत नाही. पुढे तळटीप, तक्ता किंवा मथळा घातला की तो साच्यातले जुने माप घेऊन येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ‘नॉर्मल’ला हात लावू नये, ती बिघडते. या भीतीला इतिहास आहे. १९९५ चा ‘कॉन्सेप्ट’ आणि मार्च १९९९ चा ‘मेलिसा’ हे मॅक्रो व्हायरस नेमके याच फायलीत घर करीत, कारण ती उघडली नाही असा वर्डचा एकही दिवस जात नाही. मात्र धोका मॅक्रोंचा होता. फॉन्ट आणि समास बदलल्याने तो येत नाही. शिवाय ही फाइल बिघडलीच, तर वर्ड बंद करून तिचे नाव बदलावे. पुढच्या वेळी वर्ड स्वतःच नवी, कोरी ‘नॉर्मल’ तयार करतो. गमावले जातात ते आपले बदल, स्वतः नेमलेले शॉर्टकट आणि तीत ठेवलेले मॅक्रो, म्हणून फायलीची एक प्रत बाजूला असावी. लिबरऑफिसची रीत इथे जास्त शहाणपणाची आहे : त्याच्या अंगच्या साच्याला हात लावताच येत नाही; आपला साचा जतन करून त्याला डिफॉल्ट नेमायचे आणि नको झाला तर नेमणूक रद्द करायची.

आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच, की ‘नॉर्मल’वर फार ओझे टाकू नये. फॉन्टचे रोमन आणि देवनागरी असे दोन्ही कप्पे, भाषा, अंतर, समास आणि ए४ कागद (अमेरिकी लेटर त्याच्याहून सुमारे ६ मिमी रुंद आणि १८ मिमी आखूड असतो) एवढेच तीत असावे. लेटरहेड, बिल, सभेचे इतिवृत्त यांना स्वतंत्र साचे हवेत. फॉन्टच्या चौकटीतले ‘सेट ॲज डिफॉल्ट’ हे बटण काही बदल थेट साच्यात नेते, फक्त पुढच्या प्रश्नाला ‘नॉर्मलवर आधारित सर्व दस्तऐवज’ हे उत्तर द्यावे लागते. बाकीच्यासाठी फाइलच उघडावी लागते, आणि तिथे एक गंमत आहे : साच्यावर डबल-क्लिक केले तर साचा उघडत नाही, त्याची नक्कल उघडते. वर्डमधल्या ‘ओपन’नेच तो उघडावा, नाहीतर तासभराची मेहनत ‘डॉक्युमेंट१’ नावाच्या भलत्याच फायलीत जाते. जुन्या दस्तऐवजांवर या बदलांचा परिणाम होत नाही, कारण प्रत्येकाने शैलींची आपापली नक्कल जन्मावेळीच घेतलेली असते. त्याला अपवाद ‘दस्तऐवजाच्या शैली आपोआप अद्ययावत करा’ हा पर्याय. तो चालू राहिला तर दुसऱ्याने पाठवलेली फाइल उघडताक्षणी आपल्या साच्याचे कपडे घालते. फॉन्टचे मात्र उलट आहे. शैलीत केवळ त्याचे नाव असते, आणि तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसेल तर वर्ड दुसराच वापरतो. फॉन्टच्या परवान्यात मुभा असल्यास तो फायलीतच बसवण्याची सोय वर्डच्या ‘सेव्ह’ पर्यायांत आहे. फाइल जड होते, पण ‘मूर्तींचे’ शाबूत पोहोचते.