बोसा नोव्हाचा ठेका आणि हलगीवाल्याचं नाव

गाणं कुणाचं, असं विचारलं की आपण गायकाचं आणि संगीतकाराचं नाव सांगतो. वाद्यमेळ कुणी लिहिला, ठेका कुठल्या वस्तीतून आला, हे विचारत नाही. आमच्या मते हा प्रश्न श्रमाच्या श्रेयाचा आहे.

बोसा नोव्हाचंच पाहा. १९५८ च्या सुमारास ब्राझीलच्या रिओ शहरातल्या सुखवस्तू मध्यमवर्गात ही शैली आकाराला आली. नाव झालं जोबीम आणि जिल्बेर्तो यांचं. पण तिच्या मुळाशी असलेला सांबा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचा. तिथे गुलामगिरी कायद्याने संपली १८८८ साली. त्यानंतरही सांबा वाजवणाऱ्यांनी पोलिसांचा जाच सोसला. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेतला कृष्णवर्णीय अरेंजर क्विन्सी जोन्स याने हीच शैली मोठ्या वाद्यवृंदात बसवली. 'बिग बँड बोसा नोव्हा' ही तबकडी त्याच्याच नावावर निघाली.

हाच ठेका राहुलदेव बर्मन यांनी १९६६ च्या 'पति पत्नी' मध्ये आणला. पण मुंबईच्या चित्रपटसंगीतात जॅझ आणि पाश्चात्त्य स्वरमेळ कागदावर उतरवणारे बरेचसे हात गोव्याचे होते. चर्चच्या शाळांत ते नोटेशन लिहा-वाचायला शिकले होते. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ वर्षानुवर्षे लिहिले. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय रागांवर सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. तरी पडद्यावर अशांची ओळख 'सहायक', तीही दिली तर. गोन्साल्विस यांचं नाव घरोघरी पोचलं ते १९७७ साली, शिष्य प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेमुळे. तेही लोकांना अमिताभचं पात्र म्हणूनच ठाऊक.

म्हणजे लिहिता येणाऱ्याला काम मिळालं, श्रेय नाही. मग ज्याची कला कागदावर आलीच नाही, त्याचं काय? हलगी, सनई, डफ आपल्याच माणसांनी जिवंत ठेवले. जातिव्यवस्थेने वाजवणं त्यांच्यावर लादलं, त्याला कला मात्र म्हटलं नाही.

दुसऱ्यांना दोष देण्याआधी आपणही आरशात पाहू. सोलापुरात जयंतीच्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे, देणगीदारांचे फोटो असतात. ज्याच्या हलगीवर मिरवणूक नाचते, त्याचं नाव कुठे असतं?

मित्रांनो, यंदापासून ते नाव छापू या. त्याच्या चाली ध्वनिमुद्रित करू, लिहून ठेवू, आणि वस्तीतल्या पोरांना नोटेशन शिकवू. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन हाती घेतलं होतं. आपल्याला उशीर झालेला नाही.

जय भीम!