भीमगीताचा आवाज आणि शिर्डीची रिंगटोन

आंबेडकरी गीतांची समीक्षा बहुधा शब्दांपाशी थांबते. आशय तपासला जातो, आवाज वगळला जातो. माझ्या मते गीत कुणी गायिले, कुठे वाजले आणि ते कुणाला सहन झाले नाही, हाही इतिहासाचा पुरावाच आहे.

१९३१ साली शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा साचा घेऊन त्यांनी त्यात अस्पृश्यांचे प्रश्न आणले. उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचवायचा तर चढी पट्टी आणि ढोलकीची कडक थाप हवीच. प्रस्थापित अभिरुचीला जो कर्कशपणा वाटतो, तो या गरजेतून घडला आहे. १९८० नंतर स्वस्त कॅसेट आली आणि ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीवरील दुकानांतून हाच आवाज वस्त्यावस्त्यांत गेला.

त्याच दशकात अमेरिकेतही असेच घडत होते. वॉशिंग्टनच्या ‘बॅड ब्रेन्स’ या चार कृष्णवर्णीय तरुणांच्या हार्डकोअर पंक बँडचा पहिला अल्बम १९८२ साली प्रथम केवळ कॅसेटवर निघाला. वेग अफाट, ध्वनिमुद्रण खरखरीत आणि मुखपृष्ठावर अमेरिकन संसदेच्या घुमटावर कोसळणारी वीज! ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ साली दलित पँथर उभी करणाऱ्या समाजाला ही भाषा परकी वाटू नये. आज पंकच्या अशा ओबडधोबड ध्वनिमुद्रणांचे अभ्यासक कौतुक करतात. आपल्या कॅसेटला मात्र ‘दर्जा नाही’ हे एकच उत्तर मिळते.

पण आक्षेप खरोखर दर्जाला किंवा गोंगाटाला असतो काय? मे २०१५ मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील शिर्डी येथे लग्नासाठी आलेल्या एका दलित विद्यार्थ्याचा फोन वाजला. रिंगटोन बाबासाहेबांवरील गीताची होती. पोलिसांतील तक्रारीनुसार त्यावरून वाद झाला, त्याला पळवून नेण्यात आले आणि त्याचा खून झाला. शिर्डीत काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत रोज चार आरत्यांचा घोष होतो. त्याची कुणाला अडचण नाही, असूही नये. अडचण झाली ती खिशातल्या एका लहानशा यंत्रातून काही क्षण उमटलेल्या आवाजाची. म्हणजे प्रश्न आवाज किती मोठा हा नव्हता. तो कुणाचा, एवढाच होता.

म्हणून विद्यार्थी-शिक्षकांना माझे सांगणे आहे. घराघरांतील कॅसेटच्या फिती बुरशीने आणि उष्णतेने नष्ट होत आहेत. त्या गोळा करा. गायकाबरोबर ढोलकीवाल्याचे, कोरसचे नाव लिहा, साल लिहा, ती कुठे विकत घेतली तेही लिहा. खरखर काढून टाकण्याची घाई करू नका. ज्या आवाजासाठी एका तरुणाला जीव गमवावा लागला, त्याची साधी नोंदही आपल्या ग्रंथालयांत नसावी, ही स्थिती आपणच बदलली पाहिजे.