कारखान्याचा कार्बन फुटप्रिंट कसा कमी करतात? एका फाउंड्रीच्या उदाहरणातून ५ पायऱ्या

तुमच्या फोनमुळे हवेत जाणाऱ्या कार्बनचा मोठा भाग कुठून येतो? बहुतेकांचं उत्तर असतं 'चार्जिंग'. पण ॲपलच्या स्वतःच्या पर्यावरण रिपोर्टमध्ये आयफोनच्या एकूण कार्बन फुटप्रिंटपैकी साधारण ८० टक्के वाटा फोन बनवण्याचा दाखवलेला असतो. म्हणजे फोन तुमच्या हातात येण्याआधीच बरंचसं होऊन गेलेलं असतं.

त्यामुळे खरा प्रश्न असा, की कारखाने हा आकडा कमी कसा करतात? छतावर सोलर पॅनल लावून आणि गेटजवळ झाडं लावून? ते शेवटी येतं. त्याआधीची पद्धत नीट समजून घेऊया.

मोबाईलची चिप बनवणारा कारखाना फार गुंतागुंतीचा असतो. म्हणून आपण सोपं उदाहरण घेऊ, ते म्हणजे फाउंड्री. कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव या एमआयडीसींमध्ये अशा अनेक फाउंड्री आहेत. तिथे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात आणि गाड्यांचे, पंपांचे पार्ट बनवतात.

कार्बन फुटप्रिंट म्हणजे नेमकं काय?

एखादी वस्तू बनवताना जेवढे हरितगृह वायू बाहेर पडतात, त्यांची कार्बन डायऑक्साइडच्या वजनात केलेली बेरीज. ही बेरीज तीन खात्यांत लिहितात, त्यांना 'स्कोप' म्हणतात.

• स्कोप १: कारखान्यात प्रत्यक्ष जळलेलं इंधन. उदा. कोक, डिझेल, गॅस.
• स्कोप २: विकत घेतलेली वीज. धूर वीज केंद्रात निघतो, पण हिशोब आपल्या नावावर.
• स्कोप ३: बाकी सगळं. कच्चा माल, ट्रकची वाहतूक, माल विकल्यानंतरचा वापर.

भारतात ग्रिडच्या १ युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी १: आधी मोजा

ॲप स्लो झालं की आम्ही डेव्हलपर लगेच कोड बदलत नाही. आधी प्रोफायलर चालवून वेळ कुठे जातोय ते बघतो. अंदाजाने केलेलं ऑप्टिमायझेशन बहुतेक वेळा चुकीच्या जागी होतं. इथेही तसंच आहे. महिन्याचं एकच लाइट बिल बघून काही कळत नाही. फर्नेस, कंप्रेसर, वाळूचा प्लांट अशा प्रत्येक ठिकाणी वेगळा मीटर लागतो.

मग एक वर्ष 'बेसलाइन' म्हणून ठरवायचं आणि आकडा 'एक टन चांगल्या मालामागे किती किलो' असा काढायचा. नाहीतर मंदीत उत्पादन घटलं तरी वाटेल की आपण फार सुधारलो!

पायरी २: वाया जाणारं थांबवा

फाउंड्रीत साच्यात ओतलेलं सगळं लोखंड पार्ट होत नाही. काही भाग रस भरण्याच्या वाटांमध्ये (रनर आणि रायझर) गोठतो, काही पार्ट रिजेक्ट होतात. हे सगळं परत वितळवावं लागतं. लोखंड वाया जात नाही, वीज मात्र जाते.

हिशोब करून बघू. समजा १ टन लोखंड वितळवायला ६०० युनिट लागतात आणि ओतलेल्या १०० किलोतून ६० किलो चांगला माल मिळतो. म्हणजे १ टन चांगल्या मालामागे १,००० युनिट. हेच प्रमाण ६० वरून ६६ किलोवर नेलं, तर लागतात साधारण ९०९ युनिट. महिन्याला २०० टन माल काढणाऱ्या फाउंड्रीत हे झाले १८,००० हून जास्त युनिट, म्हणजे १२ टनांहून जास्त कार्बन. दर महिन्याला! आणि यासाठी नवी फर्नेस घ्यावी लागत नाही. साच्याचं डिझाइन आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेट करून सुधारता येतं.

दुसरी गळती हवेची. कारखान्यात कॉम्प्रेस्ड हवेचे पाइप सगळीकडे फिरलेले असतात. सुमारे ७ बार दाबाच्या पाइपला ३ मिलिमीटरचं भोक असेल, तर कंप्रेसरची जवळपास ३ किलोवॉट वीज तिथून नुसती उडून जाते. दिवसाचे २४ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर २१,६०० युनिट, म्हणजे सुमारे १५ टन कार्बन. एका भोकातून!

गळती शोधायची टेस्टही सोपी आहे. सुट्टीच्या दिवशी, हवा वापरणारं एकही मशीन चालू नसताना कंप्रेसर सुरू करायचा. १० मिनिटांत तो ३ मिनिटं लोडवर चालला, तर त्याच्या क्षमतेची ३० टक्के हवा गळतेय.

पायरी ३: मशीन शहाणपणाने चालवा

फर्नेसमधलं लोखंड १,४०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं असतं. झाकण उघडं राहिलं की उष्णता थेट वर जाते. साचे तयार नाहीत म्हणून रस नुसता गरम ठेवणं हाही तोटाच.

पंखे आणि पंपांची गंमत वेगळी आहे. पंख्याचा वेग २० टक्के कमी केला की वीज २० नाही, तर जवळपास ५० टक्के कमी लागते, कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून मोटरला वेग बदलणारा ड्राइव्ह लावतात.

पायरी ४: इंधन आणि कच्चा माल बदला

कोकवर चालणाऱ्या कपोला भट्टीऐवजी विजेची इंडक्शन फर्नेस आणली की स्कोप १ उतरतो, पण स्कोप २ चढतो. म्हणून बेरीज तिन्ही खात्यांची बघायची. कच्च्या मालातही फरक आहे. खनिजापासून बनवलेल्या पिग आयर्नचा कार्बन भंगारापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे दर्जा सांभाळून भंगाराचं प्रमाण वाढवता आलं, तर स्कोप ३ कमी होतो.

पायरी ५: शेवटी सोलर

गळती तशीच ठेवून सोलर लावलं, तर त्या भोकांसाठीही पॅनल विकत घ्यावे लागतात. आधी गरज कमी करा, मग उरलेली वीज स्वच्छ करा. कार्बन क्रेडिट विकत घेणं त्याच्याही नंतर, कारण त्याने तुमच्या चिमणीतून निघणारा धूर कमी होत नाही.

एक नेहमीची चूक

बिल कमी झालं म्हणजे कार्बन कमी झाला असं नाही. पॉवर फॅक्टर सुधारला की बिल उतरतं, पण मशीनने वापरलेली ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. रुपये आणि किलो, दोन्ही कॉलम वेगळे ठेवा.

हे आत्ताच का महत्त्वाचं?

भारतातल्या मोठ्या १,००० लिस्टेड कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार पर्यावरणाची माहिती जाहीर करावी लागते. युरोपीय संघाने लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा काही आयात मालाच्या कार्बनचा हिशोब ऑक्टोबर २०२३ पासून मागायला सुरुवात केली आणि २०२६ पासून त्यावर पैसे मोजावे लागतात. मोठी कंपनी मग हाच आकडा आपल्या छोट्या सप्लायरला विचारते. ज्या वर्कशॉपकडे आकडाच नाही, त्याची ऑर्डर दुसरीकडे जाऊ शकते.

तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणाचं युनिट असेल, तर येत्या सुट्टीच्या दिवशी कंप्रेसरची ती १० मिनिटांची टेस्ट करून बघा. स्टॉपवॉच तुमच्या फोनमध्ये आहेच.